डीव्हीडीस्टायलर: आत्याच्या डबा टीव्हीवर लग्न परत लावून देणारं फुकट सॉफ्टवेअर

आधीच सांगतो, एक बटण दाबलं की सगळं आपोआप झालं पाहिजे असं वाटणाऱ्यांसाठी घरच्या व्हिडिओची डीव्हीडी बनवणारं हे सॉफ्टवेअर नाही. मला एक अख्खा रविवार आणि तीन वाया गेलेल्या डिस्का एवढा खर्च आला, पण त्यातल्या दोन डिस्का माझ्या स्वतःच्या मूर्खपणाने गेल्या, त्यामुळे सॉफ्टवेअरला मी साडेचार स्टार देतोय आणि स्वतःला दीड.

झालं असं की धाकट्या भावाचं लग्न सांगलीला झालं आणि आत्याला काही येता आलं नाही, खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालेला. ती राहते देवरुखच्या पुढे आत एका वाडीत, तिथं मोबाईलला रेंज म्हणजे मागच्या पडवीच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर, तेही पावसात नाही. व्हॉट्सअॅपवर चार क्लिपा पाठवल्या तर फोनवर म्हणाली, "अरे तो बोटाएवढा नवरा आणि नखाएवढी नवरी मला काय दिसत नाही, टीव्हीवर लागेल असं काहीतरी दे की." टीव्ही म्हणजे २१ इंची पिक्चर ट्यूबचा डबा आणि त्याला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला डीव्हीडी प्लेअर, ज्याच्यावर ती रोज सकाळी अभंग लावते. आता कोणी म्हणेल की नवा स्मार्ट टीव्ही घेऊन द्या. घेऊन दिला असता हो, पण आत्याला त्या प्लेअरच्या रिमोटवरची तीन बटणं पाठ आहेत आणि सत्तरीत चौथं शिकवायला मी कोण.

फोटोवाल्याने आम्हाला दिलेला पेनड्राइव्ह, त्यात फुल एचडी म्हणजे १०८० ची एमपीफोर फाइल, तीन तास चाळीस मिनिटं, ४१ जीबी. मी काय केलं, पहिल्याच दिवशी त्यातला वीस मिनिटांचा तुकडा कापला आणि तसाच्या तसा कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी करून मोकळा झालो. घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये टाकली तर घर्र घर्र करून स्क्रीनवर आलं की ही डिस्क ओळखता येत नाही. ही झाली पहिली वाया गेलेली डिस्क. मग डोक्यात प्रकाश पडला की डीव्हीडी ही नुसती फाइल ठेवायची थाळी नाही, प्लेअरला आत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं, त्यात व्हीओबीच्या फायली लागतात, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची, आणि आतलं चित्र एमपेग-२ या पद्धतीने आवळलेलं लागतं. पेनड्राइव्हमधलं चित्र एच.२६४ मध्ये असतं, जे २००३ साली आलं, आणि डीव्हीडी प्लेअरचा जन्म १९९६ चा, त्याला ही भाषा येणार कुठून. काही प्लेअरला पुढे यूएसबीचं भोक असतं आणि त्यावर डिव्हेक्सचा शिक्का असतो, त्यात जुन्या एव्हीआय फायली चालतात, पण हल्लीची एमपीफोर टाकलीत तर बहुतेक वेळा नुसतं नाव दिसतं किंवा तेही दिसत नाही.

दुसरी डिस्क एका पैसे भरून घ्यायच्या कन्व्हर्टरने खाल्ली. नाव घेत नाही, तसे ढिगाने आहेत आणि सगळ्यांच्या जाहिरातीत हसणारं गोरं कुटुंब असतं. ट्रायल घेतली, चकचकीत खिडकी, मोठ्ठं हिरवं बटण, काहीही विचारलं नाही, आणि तयार झालं ते बघितलं तर पहिल्या पाच मिनिटांनंतर बंद, मधोमध कंपनीचं नाव तिरकं छापलेलं, आणि सगळी माणसं उंच आणि बारीक. आमचे मामा जे आडवे आहेत ते पण मॉडेल दिसत होते. मामी खूश झाल्या, पण चालणार नव्हतं.

हे उंच-बारीक प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घरी बनवलेल्या निम्म्या डीव्हीडी यातच बिघडतात. भारतात टीव्हीच्या चित्राची पाल पद्धत, त्यात डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, मग तुमचा व्हिडिओ रुंद असो की चौकोनी, ठिपके तेवढेच. रुंद म्हणजे सोळाला नऊ असेल तर तो आडवा दाबून त्या ७२० मध्ये बसवतात आणि फाइलमध्ये एक खूण करून ठेवतात की बाबा दाखवताना हे ताणून दाखव. ती खूण चुकली की दाबलेलंच चित्र दिसतं. आणि खूण बरोबर असूनही डबा टीव्हीवर माणसं लांब दिसत असतील तर गुन्हेगार प्लेअरच्या सेटअपमध्ये बसलेला असतो, तिथे टीव्ही टाइप १६:९ करून ठेवलेलं असतं. ते ४:३ एलबी (लेटरबॉक्स) करायचं, मग वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि मामा परत मूळ आकारात येतात. पॅन स्कॅन करू नका, त्यात कडेची माणसं कापली जातात आणि लग्नाच्या व्हिडिओत कडेला उभी असलेलीच माणसं नंतर विचारतात की आम्ही दिसलो का.

तर शेवटी डीव्हीडीस्टायलरवर आलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि आतून सगळं काम एफएफएमपेग आणि डीव्हीडीऑथर ही जुनी भरवशाची हत्यारं करतात. हे फक्त त्यांच्यावर घातलेलं झाकण आहे, पण झाकण चांगलं आहे. उघडल्या उघडल्या ते प्रश्न विचारतं: डिस्क ४.७ जीबीची की ८.५ ची, पाल की एनटीएससी (ही अमेरिकेतली पद्धत), ४:३ की १६:९, आवाज एमपी२ की एसी३. त्या हिरव्या बटणवाल्याने यातलं काही विचारलंच नव्हतं ना, तिथेच फरक पडतो. मी ४.७, पाल, १६:९, एसी३ घेतलं. मग फायली खालच्या पट्टीत ओढून टाकायच्या, टेम्प्लेट निवडली असेल तर मेनूवर बटणं आपोआप येतात, आणि तळाला डिस्क किती भरली ते दिसत राहतं.

दिसायला मात्र जुनाट आहे. टेम्प्लेटा बघून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाच्या सीडीचं कव्हर आठवतं. मी त्यातलं काही घेतलं नाही, मेनूच्या मागचा फोटो आपलाच टाकला, त्यावर "हळद", "मुहूर्त", "पंगत" ही अक्षरं फोटोतच आधी लिहून घेतली आणि बटणांना नुसत्या चौकटी ठेवल्या. एक लक्षात ठेवा, डबा टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या खातो, त्यामुळे अक्षरं कडेपासून चांगली आत घ्या. मला "मुहूर्त" चं "हूर्त" झालेलं बघून कळलं. ते नशिबाने घरच्याच टीव्हीवर कळलं आणि पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क वापरली होती म्हणून ती वाया गेली नाही. ट्रायलसाठी एक आरडब्ल्यू घरात असावीच.

आता तिसरी डिस्क. ही माझी चूक आणि इथंच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

मी अख्खं तीन तास चाळीस मिनिटांचं लग्न एका डिस्कवर टाकलं. सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट (म्हणजे एका सेकंदाला किती माहिती लिहायची ते) ऑटोवर असेल तर ते बिचारं मुकाट्याने गणित करतं आणि बसवून देतं, नाही म्हणत नाही. पन्नास माणसांचा मसालेभात दोनशेच्या पंगतीला वाढायला घेतला की जसं होतं तसं प्रत्येक सेकंदाच्या पानात घासभर पडतं. गणित सोपं आहे, कागदावर करा: ४.७ जीबी म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट, भागिले सेकंद. तीन तास चाळीस मिनिटं म्हणजे १३,२०० सेकंद, तर सेकंदाला २.८ मेगाबिट, तेही आवाज धरून. तेच दोन डिस्का केल्या की ५.७ पडतात. डीव्हीडीला चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ चालतात, म्हणजे तासाभराचं असेल तर चैन आहे, दोन तासांपर्यंत बरं, अडीच तासांनंतर रड सुरू. (विंडोजमध्ये कोऱ्या डिस्कची जागा ४.३८ दिसते, दुकानदाराने फसवलं नाहीये, दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.)

२.८ वर काय दिसलं ते सांगतो. वधूवर नुसते बसलेत, भटजी बोलतायत, तिथं चित्र चांगलं. अंतरपाट धरलाय, तिथंही चांगलं, पांढरं कापड आणि त्यामागे दोन मुंडावळ्या, त्यात हलतंय काय. पण "शुभमंगल सावधान" झालं आणि अक्षता पडायला लागल्या की सगळ्या स्क्रीनचे चौकोन चौकोन. नवरीचं तोंड म्हणजे लहान मुलांचे ठोकळे. याचं कारण असं की एमपेग-२ दर चित्र पूर्ण साठवत नाही, पाल डीव्हीडीत पंधरा-पंधरा चित्रांचे गट करतं, त्यातलं एक पूर्ण आणि बाकीच्यांमध्ये आधीपेक्षा काय सरकलं तेवढंच लिहितं. माणूस चालत गेला तर हा तुकडा इकडून तिकडे गेला असं थोडक्यात लिहून भागतं. पण दोनशे माणसांनी चारी बाजूंनी तांदूळ फेकले तर कुठला दाणा कुठं गेला हे लिहायला जागा कुठून आणायची, मग ते चेहऱ्यातून जागा चोरतं. म्हणजे लग्नातला जो क्षण आत्याला बघायचा होता तोच या तंत्राला सगळ्यात जड. तुम्हाला तुमची डिस्क बरी झालीये का बघायचं असेल तर सुरुवातीचं गणपतीचं चित्र बघू नका, सरळ अक्षता लावा. वरातीतले फटाके आणि बँजोसमोरचा नाचही चालेल.

म्हणून दोन डिस्का. पहिली हळद ते मुहूर्त, दुसरी सप्तपदीपासून पाठवणीपर्यंत आणि पंगत. पाच-सव्वापाचचा बिटरेट हाताने टाकला, अक्षता सुटसुटीत पडल्या, चेहरा चेहराच राहिला. ८.५ जीबीची ड्युअल लेअर घेऊन एकाच डिस्कवर करता आलं असतं, पण ती कोरी डिस्क महाग पडते आणि जुने प्लेअर मध्येच थर बदलताना अडखळतात किंवा काही वेळा घेतच नाहीत, तर एवढ्यासाठी कशाला. दोन डिस्का बदलायला आत्याला काही जड नाही, अभंगांच्या बदलतेच की.

अगदीच अडलं आणि एका डिस्कवर चार तास बसवायचेच असतील तर ३५२ बाय ५७६ हा निम्म्या रुंदीचा आकार पण डीव्हीडीच्या नियमात बसतो. चित्र मऊ होतं पण चौकोन होत नाहीत. डबा टीव्हीवर पिवळ्या वायरने बघणाऱ्याला तो फरक तितका खुपत नाही, चौकोन मात्र खुपतात.

एचडीचं सगळं तेज डीव्हीडीवर येईल अशी आशा धरू नका, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके आणि डीव्हीडीचे सव्वाचार लाखांच्या आत, बरोब्बर पाचातला एक उरतो. फोरके असेल तर विसातला एक. म्हणून फोटोवाला जेव्हा "फोरके क्वालिटीची डीव्हीडी देतो" म्हणतो तेव्हा गालात हसायचं. पण गंमत अशी की मोठ्या चित्रातून नीट बारीक केलेली डीव्हीडी पूर्वीच्या कॅमेऱ्याने थेट काढलेल्या शूटिंगपेक्षा छान दिसते. एकाच ठिकाणी घोळ होतो तो म्हणजे पैठणीचे काठ. जरीच्या बारीक आडव्या रेघा डीव्हीडीच्या एका ओळीपेक्षा बारीक झाल्या की डबा टीव्हीवर लुकलुकतात, कारण तो एका वेळी एकाआड एक ओळी काढतो. त्यावर उपाय म्हणजे चित्र आधी अंमळ मऊ करून घ्यायचं, एडिटिंग करताना शार्पन नावाची गोष्ट अजिबात लावायची नाही.

फोटोवाल्याची फाइल सेकंदाला २५ चित्रांची होती, पाललाही २५ च लागतात, तिथं डोक्याला ताप नाही. ताप झाला तो माझ्या मोबाईलवर काढलेल्या हळदीच्या क्लिपांचा. मोबाईल सेकंदाला ३० म्हणतो पण अंधार पडला की कमी काढतो, पुन्हा उजेडात वाढवतो, त्यामुळे शेवटी शेवटी ओठ आधी हलतात आणि गाणं मागून येतं. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून त्या क्लिपा कॉन्स्टंट फ्रेमरेटवर, म्हणजे दर सेकंदाला ठरलेली तेवढीच चित्रं ठेवून, काढून घेतल्या आणि मग स्टायलरला दिल्या, सरळ झालं. (हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही बरं का, खूप जणांचा समज असतो, ते फक्त एमपीफोर, एमकेव्ही असल्या फायली काढतं.) तिशीचं पंचवीस करताना दर सेकंदाला पाच चित्रं गळतात, कॅमेरा झरकन फिरवला तिथं हिसका बसतो, त्याला इलाज नाही. आणि उभा मोबाईल धरून काढलेलं असेल तर रुंद चित्रात तिसऱ्या हिश्श्याएवढीच उभी पट्टी दिसते, बाजूला काळं. काकूंना हे सांगून झालंय, त्या पुढच्या लग्नात पण उभाच धरणार.

ज्यांना काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून टाइप करायची भीती नाही त्यांनी स्टायलरच्याही मागे जाऊन थेट एफएफएमपेगला टार्गेट पाल-डीव्हीडी एवढं सांगितलं तरी ते आकार, २५ चित्रं, ४८ हजार हर्ट्झचा आवाज सगळं आपणहून लावतं. तशी फाइल स्टायलरमध्ये टाकून व्हिडिओच्या जागी कॉपी निवडलं की पुन्हा पीठ दळत बसत नाही. विंडोजवाल्यांसाठी एव्हीएसटूडीव्हीडी नावाचंही एक फुकट आहे, त्यात बिटरेटवर जास्त हात चालवता येतो, पण मेनू बनवायला मला स्टायलरच बरं वाटलं.

वेळेचं म्हणाल तर माझ्या पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर एका डिस्कला तासाभराच्या वर गेला. त्या वेळात खिडकीत इंग्रजी ओळी पळत राहतात, घाबरू नका, ते असंच असतं. टेंपचं म्हणजे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर ज्या ड्राइव्हवर आहे तिथं १०-१५ जीबी मोकळी ठेवा. आणि थेट बर्न न करता आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल बनवा, ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनूसकट तपासा, मग राइट करा.

राइट करायला इमगबर्न वापरलं, त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे आणि अजून काम चोख. हल्लीच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो, बाहेरचा यूएसबीवाला ऑफिसमधल्या एकाकडून दोन दिवस उसना आणला. कोऱ्या डिस्का शोधायला मात्र पायपीट झाली, शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत मिळाल्या, दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिल्या आणि विचारलं, "कोर्टाचं काम आहे का?" एक काळ होता, मोझर बेअरच्या पन्नासच्या चळती प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात असायच्या. ती कंपनी पण दिवाळखोरीत जाऊन २०१८ मध्ये मोडीत निघाली. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी वजावाली (DVD-R) घ्या, अधिकवाली (DVD+R) काही प्लेअर घेत नाहीत. वेग १६ लिहिलेला असला तरी ४ किंवा ८ वर राइट करा, व्हेरिफाय चालू ठेवा, वर नाव लिहायचं ते सीडीच्या मार्करने, कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना डिस्क डगमगते.

आणखी एक जोड पण करावा लागला. न्यूजर्सीच्या मावसबहिणीला पण डिस्क हवी होती, तिच्या सासऱ्यांसाठी. पालची तिकडे पाठवली असती तर तिकडचे बहुतेक प्लेअर ती घेत नाहीत. अमेरिकेत एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७. स्टायलरमध्ये प्रोजेक्ट नव्याने एनटीएससी घेऊन परत सगळं केलं. उलट आपल्याकडचे बरेचसे प्लेअर दोन्ही घेतात, त्यामुळे तिकडून आलेली डिस्क इथं चालली म्हणून इथली तिकडं चालेल असं समजू नका. रीजन कोडची मात्र काळजी नको, भारत रीजन ५ मध्ये येतो वगैरे ते विकत्या पिक्चरांसाठी, आपण घरी केलेली डिस्क सगळीकडे मोकळी.

अर्धा स्टार कापला तो जुनाट रूपासाठी, आणि चार तास भरताना "अहो, चित्र खराब होईल" असं एकदा तरी ओरडायला हवं होतं यासाठी. बाकी फुकटात याच्यापेक्षा काय पाहिजे.

आत्याने पहिली डिस्क एकदा बघितली आणि दुसरी, म्हणजे पंगतीची, चार वेळा. कोणाच्या पानात जिलेबी दोनदा पडली आणि कोणी आहेराचं पाकीट न देता जेवला याची यादी मला फोनवर मिळालीये. शिवाय आतोबांना कपाटात २००४ ची एक व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीचा प्रकार) सापडलीये, त्यांच्या एकसष्टीची, आणि ती आता उलटी मोबाईलवर घेऊन दे म्हणतायत. ३५२ बाय २८८ चं चित्र, दोन डिस्का, एकीवर दुधाचा डाग. त्याचा रिव्ह्यू नंतर.